सांदवाडीच्या (परसाच्या) कुंपणाबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की नर्सरीवाला कोनोकार्पसची रोपं देतो आहे, बघता बघता भिंत उभी राहील. घाईत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

दिवाळीचं ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. सिमेंटचा रस्ता हातभर वर आला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली न्हाणी सरळ दिसायला लागली. आई, तू जाळीच्या तारेला जुनं लुगडं चार गाठी मारून बांधलं होतंस. वारा आला की एका हातानं ते धरायचीस, दुसऱ्या हातात तांब्या. आता तर पहाटे चारला अंधारातच आंघोळ उरकतेस. या वयात, थंडीत! आडोसा यंदा झालाच पाहिजे.

पण कोनोकार्पस नको. त्याची मुळं पाइपात, नालीत शिरतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. आपल्याकडे जाळी आणि सांडपाण्याची नाली यांच्यामध्ये जागा अडीच फूट. तेवढ्यात बांबूचं बेटही मावायचं नाही, दोन-चार वर्षांत नाली गिळेल. कण्हेर तर मुळीच नको. आई, देवाला फुलं होतील हे खरं, पण ते झाड मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी आणि कपिलेचं वासरू दिवसभर तिकडेच तोंड घालतं.

पऱ्हाटीचा कूड बरा होता, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही बांधायचे तेव्हा होताच. पण पऱ्हाटी म्हणजे कापसाचीच वाळली झाडं, त्यांच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि आपलं वावर घराला लागूनच आहे. शिवाय दर उन्हाळ्यात तो बांधायला गुडघा आता साथ देणार नाही.

मी म्हणते, अडुळसा लावू. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत, हे मोठं. गल्लीतल्या बकऱ्यांनी तुमची जास्वंद दोनदा बोडकी केली, आठवतं ना? अडुळसा पुरुषभर उंच होतो, दोन्ही बाजूंनी छाटला की अरुंद राहतो, आणि रोपं विकत घ्यायला नकोत. आर्वीच्या मावशीच्या वाडीत भरपूर आहे. करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या आणते, तीन-चार डोळ्यांच्या. दोन डोळे मातीत गेले की पावसात फुटतात. दोन-दोन फुटांवर लावल्या तर तीस फुटांना सोळा पुरतील, पण मी तीस आणीन, काही मरतातच.

आपली माती काळी. पावसात पाणी धरते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळं तुटतात. म्हणून चर खोदून शेणखत मिसळायचं, वरंबा थोडा उंच ठेवायचा आणि दिवाळीनंतर बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरायचं. अडुळसा वाढेपर्यंत जाळीवर दोडका आणि वाल चढवू, पोळ्यापर्यंत तेवढाच पडदा होईल. आई, वालाचं बी तू राखेत ठेवलेलं आहेच.

मृगाचा चांगला पाऊस पडला की दोन दिवसांची सुटी टाकून येते. चर गड्याकडून खोदून घ्या. बाबा, सब्बल तुम्ही हातात घ्यायची नाही. आई, तोवर लुगड्याऐवजी ताडपत्री बांधून घे, पैसे पाठवले आहेत.

तुमची,
बेबी