सूचना: बारावीतल्या जिम्नॅस्ट मुलींच्या पालकांची बैठक

सर्व सभासद पालकांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आपल्या सरावाच्या हॉलमध्ये बारावीच्या मुली व पालकांची बैठक आहे. विषय: कॉलेज आणि पुढचा खेळ.

उंची वाढली की शरीराचा तोल नव्याने साधावा लागतो. १० सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर (तोल साधायच्या पट्टीवर) कालपर्यंत सहज जमणारी उडी अचानक चुकू लागते. मुलगी आळसावली असं कृपया समजू नका. वाढत्या वयात मनगटाची हाडं पुरती पक्की झालेली नसतात; दुखलं तर सराव घेणाऱ्या ताईंना त्याच दिवशी सांगा. वजनावरून टोमणे घरात नकोतच.

"आता वय गेलं" असंही काहींना वाटतं. भारताची जिम्नॅस्ट दीपा कर्माकर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून घ्यायच्या उडीत) चौथी आली, तेव्हा ती २३ वर्षांची होती! कॉलेजात गेल्यावर आंतरविद्यापीठ स्पर्धांची वाट खुली असते. शिवाय १९५७ पासूनची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आपल्या ग्वाल्हेरातच आहे. मुलींनी तिथल्या प्रवेशाचा विचार जरूर करावा, असं मला मनापासून वाटतं.

येताना स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं, दहावीची गुणपत्रिका आणि दोन्हींच्या झेरॉक्स आणाव्यात. मुलींना सोबत आणाच, बोलायचं त्यांनीच आहे.