सायकॉलॉजी शिकायची ती जवानांसाठी, एसएसबीला फसवायला नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालच्या करिअर पुरवणीतला सायकॉलॉजी आणि आर्मीवरचा लेख वाचला. विषय बघून आधी बरं वाटलं, कारण आपल्याकडे हा विषय कोणी काढतच नाही. पण अर्ध्यावर येईस्तोवर डोकं तापलं. म्हणे बीएला सायकॉलॉजी घ्या, म्हणजे एसएसबीतल्या (म्हणजे फौजेचे ऑफिसर निवडणाऱ्या मंडळातल्या) सायकॉलॉजिस्टला काय हवंय ते आधीच कळतं आणि सिलेक्शन सोपं जातं. अहो, माणसाचं मन समजून घ्यायचा विषय पोरांनी शिकायचा तो काय तपासणाऱ्याला गंडवायला? आणि हे तुम्ही सातारा जिल्ह्यात छापता, जिथे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी माणूस फौजेत आहे. त्या घरातल्या पोराच्या जीवाची जबाबदारी उद्या ज्या ऑफिसरवर पडणार, त्याने सायकॉलॉजी कशासाठी शिकायची हे एका ओळीत तरी लिहायचं होतं.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालो. ऑफिसर नव्हतो, पण आमची सगळी नोकरी ऑफिसरांच्या हाताखाली गेली आणि नव्या लेफ्टनंटला प्लाटून कशी सांभाळायची ते दाखवण्यातही गेली, त्यामुळे चांगला ऑफिसर कुठला ते आम्हाला बरोबर कळतं. आमच्याकडे एक कॅप्टन साहेब होते, ओटीए चेन्नई ह्या ऑफिसरांच्या ट्रेनिंग अकॅडमीतून आलेले, बीए सायकॉलॉजी. आल्या आल्या काही जण कुजबुजले की आर्ट्सवाला आहे, नकाशा तरी वाचता येईल का. नकाशा उत्तम वाचायचे, पण मला सांगायचंय ते वेगळं.

काश्मीरमध्ये पोस्टवर होतो, थंडीचे दिवस. एक शिपाई सुट्टीवरून परत आला आणि स्वतःहून रात्रीची संतरी ड्युटी, म्हणजे पहारा, मागायला लागला. दुसऱ्याची पण घ्यायचा, तू झोप मी उभा राहतो म्हणायचा. सगळी कंपनी खूश, पोरगा कष्टाळू आहे म्हणून. हवालदाराने तर त्याचं नाव शाबासकीसाठी पुढे केलं. कॅप्टन साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि लंगरवाल्याला (स्वयंपाक्याला) विचारलं की हा जेवतो का. लंगरवाला म्हणाला, ताट अर्धं तसंच ठेवतो साहेब. बस, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं की हा ड्युटी मागत नाहीये, ह्याला झोप लागत नाहीये.

सुट्टीवरून आलेल्या जवानाचा इंटरव्यू घ्यायची पद्धत आहे, ती सगळीकडे पाळली जाते, पण कशी? घर पे सब ठीक? ठीक है साहब. शाबाश, जाओ. झाला इंटरव्यू! ह्या साहेबांनी त्याला परत बोलावलं, ॲम्युनिशनच्या पेटीवर बसवलं, चहा दिला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत (साहेब उत्तराखंडचे, पण मराठा पलटणीत आल्यावर मराठी शिकलेले) विचारलं, घरी सकाळी आधी कोण उठतं? पोरगा म्हणाला बायको. मग चहा कोण करतं? बायको. ह्या सुट्टीत कोण करत होतं? ह्यावर तो गप्प झाला आणि मग रडायलाच लागला. बायको माहेरी निघून गेलेली, चुलत्याने बांध फोडून जमिनीत नांगर घातलेला, आई एकटी. हे त्याने बरोबरच्या जोडीदार जवानालाही सांगितलं नव्हतं. आणि असा पोरगा भरलेली रायफल घेऊन रात्रभर एकटा उभा राहत होता, संपादक साहेब.

साहेबांनी त्याला भाषण दिलं नाही की हिंमत धर वगैरे म्हटलं नाही. संतरीवरून काढून काही दिवस लंगरला लावला, पण हुकूम असा दिला की दोघातिघांची ड्युटी एकदम बदलली, म्हणजे ह्याला एकट्याला शिक्षा झाली असं कोणाला वाटू नये. जोडीदाराला सांगितलं, ह्याच्या शेजारीच झोपायचं. पलटणीचे प्रमुख सीओ साहेब, त्यांच्याकडून कलेक्टरला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र गेलं जमिनीसाठी, डॉक्टर साहेबांना दाखवलं, आणि रस्ता उघडल्यावर पुन्हा सुट्टी दिली. तो पोरगा पुढे नाईक झाला, आज गावी दूध डेअरी चालवतोय. मी त्याच्या मुलीच्या लग्नाला जेवून आलोय.

आता सांगा, हे कुठल्या टेस्टमधले मार्क मिळवायला शिकलेलं होतं? असं बघायला शिकावं लागतं. काहींना जन्मजात जमतं, आमचे जुने सुभेदार मेजर साहेब होते त्यांना शाळा नव्हती तरी जमायचं, पण बावीस-तेवीस वर्षाच्या पोराच्या हाती तीस जणांची प्लाटून देताना नशिबावर कसं सोडायचं? अमेरिकेत वेस्ट पॉइंटला प्रत्येक कॅडेटला, मग तो इंजिनिअरिंग करो नाहीतर इतिहास, सायकॉलॉजी आणि लीडरशिपचा कोर्स करावाच लागतो, त्यासाठी वेगळं डिपार्टमेंट आहे. आपल्या संरक्षण संशोधनवाल्या डीआरडीओची सुद्धा दिल्लीत मानसशास्त्राची संस्था आहे, डीआयपीआर. म्हणजे फौजेने हा विषय कधीच मनावर घेतलाय. फक्त आपल्या पुरवण्यांनी घेतलेला नाही.

आणि गंडवता येतं हेच मुळात खोटं आहे. एसएसबीची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धातली. त्याआधी इंग्रज ऑफिसर निवडायचे ते मुलाखतीवर आणि घराणं, शाळा बघून, आणि त्यातले कितीतरी ट्रेनिंगमध्ये नाहीतर लढाईत टिकेनात, म्हणून 1942 मध्ये त्यांनी सायकॉलॉजिस्ट बसवून निवड मंडळं काढली आणि 1943 मध्ये आपल्याकडे डेहराडूनला पहिलं मंडळ आलं. आज पाच दिवसात सायकॉलॉजिस्ट तुमचे लेखी टेस्टचे कागद वाचतो, जीटीओ (गटाला कामं देऊन पारखणारा ऑफिसर) मैदानावर बघतो, इंटरव्यूवाला ऑफिसर समोर बसवून विचारतो, आणि कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे शेवटच्या एकत्र बैठकीपर्यंत, तिघं एकमेकांना काही सांगत नाहीत. सायकॉलॉजिस्टची तर तुमची गाठच तोपर्यंत पडत नाही. कागदावर तुम्ही शूर वीर लिहिलात आणि मैदानात फळी उचलताना दुसऱ्यावर ओरडलात, तर तिथेच सगळं उघडं पडतं. वर्ड असोसिएशनला, म्हणजे शब्द दिसला की वाक्य लिहायच्या टेस्टला, 60 शब्द, एकेकाला 15 सेकंद. एवढ्यात पाठ केलेलं किती आठवणार आणि आठवलं तरी साठही वाक्यं एकाच साच्यातली निघणार, ते तिथल्या माणसाला दिसत नाही का?

हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या घरात झालंय. माझी पुतणी सायकॉलॉजीच घेऊन बीए झाली, हुशार, स्वभावाने शांत, कॉलेजच्या हॉस्टेलवर कोणाला काही झालं की पोरी आधी हिच्याकडे यायच्या. सीडीएसची (पदवीवाल्यांची ऑफिसर भरतीची परीक्षा) लेखी पास झाली आणि माझ्या भावाने हौसेने तिला एका क्लासला घातलं. त्यांनी काय दिलं? तयार वाक्यांची फाईल. चित्रावरून गोष्ट लिहायची असते ना, त्यात हिरोने गावात पूर आला की बोट आणायची, आग लागली की आत शिरायचं, आणि शेवटी कलेक्टरने सत्कार करायचा. ती अकरावीत असताना आई सहा महिने अंथरुणाला खिळली होती, घर, भाऊ आणि अभ्यास हिने सांभाळला. ते फॉर्ममध्ये आणि स्वतःबद्दल लिहिताना अजिबात टाकू नको, निगेटिव्ह दिसतं, असं त्या सरांनी सांगितलं. जी गोष्ट तिने सगळ्यात आधी सांगायला पाहिजे तीच गाळायला लावली! पोरगी दुसऱ्याच कोणाची तरी होऊन गेली आणि कॉन्फरन्स आऊट होऊन, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत राहून नापास होऊन, आली. फी अर्थात आधीच घेतलेली होती. आता परत फॉर्म भरलाय, ह्या वेळी क्लास नाही, रोज सकाळी माझ्याबरोबर पळते आणि संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर बारक्या पोरींना कबड्डी शिकवते. आणि तुमच्या लेखाच्या खालीच अशाच एका क्लासची अर्धं पान जाहिरात. वाचणारी पोरं काय समजणार?

जाता जाता अजून एक, कारण ह्याने मुलांचं थेट नुकसान होईल. लेखात म्हटलंय की सायकॉलॉजीची पदवी असली की सीडीएसमधून तिन्ही दलांचे दरवाजे उघडे. साफ चूक. कुठल्याही शाखेची पदवी चालते ती आर्मीच्या आयएमए आणि ओटीए ह्या दोन अकॅडमींना. नेव्हल अकॅडमीला इंजिनिअरिंगची पदवी लागते, एअर फोर्सला बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स नाहीतर मग इंजिनिअरिंग. ओटीएला मॅथ्सचा पेपर नाही, आयएमएला आहे. आणि बारावी आर्ट्सवाल्यांना एनडीएच्या आर्मी विंगला बसता येतं हे तर तुम्ही लिहिलंच नाही, फक्त 300 मार्कांचं गणित सुटत नाही, त्याची तयारी अकरावीपासून करावी लागते. आर्ट्स घेतलं म्हणून एनडीएचा विचारच सोडून दिलेली पोरं मला आजूबाजूला दिसतात, त्यांना हे कोणी सांगायचं?

तरी विनंती आहे की ही दुरुस्ती पुढच्या पुरवणीत ठळक छापावी, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको. आणि ह्या विषयावर पुन्हा लेख घ्याल तर ज्याने कंपनी सांभाळली आहे किंवा मंडळावर जीटीओ म्हणून काम केलंय अशा एखाद्या निवृत्त ऑफिसरला लिहायला सांगा. जिल्ह्यात असे कितीतरी आहेत, फोन केलात तर आनंदाने लिहून देतील.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सुभेदार, ता. कोरेगाव, जि. सातारा