ड्यूक्लॉच्या शस्त्रक्रियेचा खर्च ‘कॉस्मेटिक’ ठरवून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पाळीव प्राणी विमा विभाग

विषय: कुत्रीच्या पुढच्या डाव्या पायाच्या ड्यूक्लॉची (आतल्या बाजूच्या, अंगठ्यासारख्या बोटाची आणि त्याच्या नखाची) शस्त्रक्रिया, खर्चाला दिलेला नकार आणि फोनवरची वागणूक

तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी बोलणं झालं. यापुढे फोनवर बोलायची माझी तयारी नाही, म्हणून लेखी कळवते आहे. पॉलिसी आणि दाव्याचे क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत. माझी कुत्री कोण, कुठल्या जातीची, तिला काय झालं हे दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगून मी थकले आहे.

पॉलिसी तुमची, अटी तुमच्या. अपघाती इजेवरच्या शस्त्रक्रियेचा खर्च तुम्ही देता. शेपूट छाटणं, कान कापणं, ड्यूक्लॉ काढणं अशा गोष्टी ‘केवळ सौंदर्यासाठी’ केल्या असतील, तर तो खर्च देत नाही. मला ही अट मान्य आहे. दिसण्यासाठी कुत्र्याचे कान कापणाऱ्यांना एक पैसाही देऊ नका. पण मला आलेल्या नकाराच्या ईमेलमध्ये ‘केवळ सौंदर्यासाठी’ हे शब्दच गाळले आहेत आणि उरलं आहे फक्त ‘ड्यूक्लॉ काढणं वगळलेलं आहे’. स्वतःची अट अर्धी कापून ग्राहकाला पाठवायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

माझी कुत्री हरणी कारवान जातीची आहे, लातूरकडची. धावणं हा या कुत्र्यांचा जीव आहे. ज्या नखाबद्दल आपण बोलतो आहोत ते तिच्या पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, मनगटाजवळ आहे. मागच्या पायाला असं नख असलंच तर ते बऱ्याचदा नुसत्या कातडीला लोंबतं. पुढचं तसं नसतं. त्याला हाड असतं, सांधा असतो, स्नायूबंध असतात. भरधाव धावताना कुत्रं वळतं तेव्हा मनगट जमिनीपर्यंत खाली येतं आणि हे नख मातीत रुततं. हाड चघळताना ते पकडायलाही कुत्रं हेच वापरतं. त्यामुळे ते काढायचा निर्णय आम्ही हसतखेळत घेतलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात टेकडीवर झुडपात अडकून हे नख पहिल्यांदा मुळापासून उचकटलं. आतला जिवंत भाग उघडा पडला. तिथे रक्तवाहिनी असते आणि नसही असते, म्हणून रक्त थांबत नाही आणि कुत्रं पाय टेकवत नाही. मलमपट्टी, अँटिबायोटिक, जखम चाटू नये म्हणून गळ्यात कोन, सगळं केलं. नख पुन्हा आलं, पण मूळच दुखावलेलं असल्यामुळे वाकडं आणि चिरलेलं. तसं नख कशातही अडकतं. सतरंजीत अडकलं, जाळीच्या दारात अडकलं, आणि दर वेळी आधीपेक्षा खोल फाटलं. आम्ही ते सतत कापून आखूड ठेवलं, फिरायला नेताना पट्टी बांधली. शेवटच्या इजेनंतर पू झाला. एक्स-रेमध्ये टोकाच्या हाडापर्यंत संसर्ग पोचल्याच्या खुणा दिसल्या. बाकी सगळी नखं नीट आहेत, म्हणजे हा सगळ्या नखांना होणारा आजार नव्हे, एकाच जागी वारंवार झालेली इजा आहे, हे डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. त्या बोटात गाठ तर नाही ना, हे बघण्यासाठी काढलेला भाग तपासणीला पाठवायचा आहे, तेही त्याच कागदावर आहे. तो कागद तुमच्याकडे आहे. कोणी वाचला?

सुरुवातीला डॉक्टरच शस्त्रक्रियेला तयार नव्हते. मोठ्या कुत्र्यात ही शस्त्रक्रिया म्हणजे पूर्ण भूल देऊन, रक्तवाहिनी बांधून, सांध्यापासून बोट वेगळं करणं. नंतर 10 ते 14 दिवस टाके, पट्टी, आणि धावणं बंद. कारवान कुत्रीला दोन आठवडे बांधून ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांनी ती पाळली आहेत त्यांनाच कळेल. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. दोघांचं एकमत झालं तेव्हाच हो म्हटलं, आणि तुम्हाला आधी कळवून, कागद देऊन मग तारीख घेतली.

आता आजचा फोन. तुमच्याकडे संभाषणाचं रेकॉर्डिंग असतं, ते तुम्ही स्वतः ऐकावं अशी माझी मागणी आहे.

मी विचारलं, हे कॉस्मेटिक कसं? तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, हे नख कुत्र्याला जन्मापासूनच असतं ना?”
मी म्हटलं, हो.
“मग ते प्री-एक्झिस्टिंग होतं.” म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासूनचं.
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, पायसुद्धा जन्मापासूनच असतो, उद्या पाय मोडला तर तोही प्री-एक्झिस्टिंग का?
तो म्हणाला, “पायाचं वेगळं आहे, मॅडम. पायाचा उपयोग असतो. पिल्लू असतानाच काढून घ्यायचं होतं ना. सगळे काढतात.”

सगळे काढत नाहीत. काढायचंच असेल तर पिल्लू तीन ते पाच दिवसांचं असताना काढतात, आणि त्या वयात हरणी आमच्याकडे नव्हती. शिवाय धडधाकट नख कारण नसताना काढू नये असं कित्येक पशुवैद्य सांगतात. हे मी त्याला शांतपणे सांगितलं. त्याने मला होल्डवर टाकलं. बराच वेळ तुमच्या जाहिरातीची धून ऐकवली. परत आला तेव्हा तिसरंच कारण घेऊन आला. इजा वारंवार झाली आहे, म्हणजे तो जुना आजार आहे. मी म्हटलं, पहिली इजा पॉलिसी सुरू असतानाच झाली आणि तेव्हाच तुम्हाला कळवली होती. त्यावर त्याचं उत्तर होतं, “डॉक्टर सांगणारच हो, मॅडम. त्यांना बिल करायचं असतं. नखासाठी कोणी एवढं ऑपरेशन करतं का?”

जे डॉक्टर इतके महिने शस्त्रक्रिया टाळत आले, त्यांच्याबद्दल त्यांचा अहवाल न उघडलेल्या माणसाने हे बोलावं! मी रागाने फोन ठेवला नाही. मी त्याच्या वरिष्ठांना मागितलं. ते ‘मीटिंगमध्ये’ होते. मागच्या फोनच्या वेळीही मीटिंगमध्येच होते.

आधीच्या इजांचे छोटे दावे तुम्ही नाकारलेत, कारण कुत्रीला ॲडमिट केलं नव्हतं. ते मी निमूट सोसलं. आता त्याच नाकारलेल्या दाव्यांच्या नोंदी ‘जुना आजार’ म्हणून माझ्यासमोर धरता. पैसे द्यायच्या वेळी ती इजा मोजण्याइतकीही नव्हती, आणि नाकारायच्या वेळी तिचाच पुरावा होतो. हे मला कोणीतरी सही करून समजावून सांगावं.

तुमच्या माहितीपत्रकावर धावणारं कुत्रं आहे. ते बघून मी ही पॉलिसी घेतली, हप्ता एकदाही चुकवला नाही, आणि इमारतीतल्या कुत्री पाळणाऱ्यांनाही तुमचंच नाव सुचवलं. त्यांच्यासमोर आता मला मान खाली घालावी लागते आहे. पैशांइतकंच हेही मला लागलं आहे.

शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवशी होणार आहे. तुमच्या उत्तरासाठी मी हरणीचं हाड सडू देणार नाही. मात्र खर्च तुमच्याकडूनच घेणार आहे. नकार रद्द करून लेखी कळवा. नकार कायम ठेवणार असाल तर पॉलिसीतलं नेमकं कलम, पूर्ण वाक्यासह, आणि अहवाल वाचणाऱ्या पशुवैद्याचं मत पाठवा. ईमेलमधून ते शब्द कोणी गाळले आणि का, याचंही उत्तर द्या. डॉक्टरांबद्दल जे बोललं गेलं त्याबद्दल माफी मला नको, त्यांना लेखी पाठवा.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर हीच कागदपत्रं नारायण पेठेत विमा लोकपालांच्या कार्यालयात दाखल होतील. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा आयोग आहेच. रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची जबाबदारी तुमची.

तुमची पॉलिसीधारक,
पुणे

सोबत: एक्स-रे आणि अहवाल, दोन्ही डॉक्टरांची लेखी मतं, नकाराचा ईमेल, पॉलिसीतल्या संबंधित पानाची प्रत (वाक्य अधोरेखित केलं आहे)