मामा गाडी देतो म्हणतोय

पुणे,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. वाचून झाल्यावर लगेच उत्तर देऊ नकोस. दोन दिवस डोक्यात राहू दे.

भाऊबीजेला आईला घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मामानं मला खाली नेलं, किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "ही आता तू घेऊन जा. माझी कंबर ऐकंना झालीया. एवढं खाली वाकून बसायचं, परत उठायचं, नको वाटतंय." गाडी तुला माहीत आहे. बीएमडब्ल्यूची एम३४०आय, गडद निळी, २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली. आता ३८ हजार किलोमीटर झालेत. किंमत विचारली तर म्हणाला, "चाळीस दे. तू घेणार असशील तर दुसऱ्याला दाखवतबी नाही."

२०२१ च्या मार्चमध्ये ही गाडी आली तेव्हा शोरूमची किंमतच ६२ लाख ९० हजार होती, टॅक्स आणि विमा वेगळा. पुण्याला परतल्यावर मी त्याच सालाच्या गाड्यांच्या जाहिराती पाहिल्या. बहुतेकांनी पन्नासच्या आसपास सांगितलेत. म्हणजे मामा मला दहा लाख सोडतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकट्या मामेभावाबरोबर पन्हाळ्याला जाऊन आलो. वाघबीळपाशी वळलो, चढ सुरू झाला आणि सुहास, खरं सांगतो, मला भरून आलं. तीन लिटरचं इंजिन, सहाही सिलिंडर एका रांगेत. ते एकमेकांची हालचाल इतकी अचूक तोलतात की स्टिअरिंगवर थरथर म्हणून येत नाही, फक्त एक भरीव, लांब आवाज वाढत जातो. ३८७ हॉर्सपॉवर आणि शंभरचा वेग ४.४ सेकंदांत, हे मी शंभर वेळा वाचलं होतं. पण वळणातून बाहेर पडताना चारही चाकं रस्ता धरून पुढे ओढतात, ते आकड्यांत कुठे असतं? नऊ वर्षं मी आपली छोटी गाडी चालवतोय आणि तिच्याबद्दल माझी एक तक्रार नाही. तरी त्या सकाळी माझ्यातला सोळा वर्षांचा मुलगा जागा झाला.

त्या वयात मला गाडी शिकवली ती मामानंच. १९९९ चा मे महिना, शिवाजी विद्यापीठाचा रस्ता, त्याची फियाट, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. "क्लच सोडताना गाडी काय म्हणती ते ऐक," एवढंच सांगायचा. बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पुढे माझ्या कॉलेजची दोन वर्षांची फी त्यानं भरली आणि त्याचा उल्लेख आजपर्यंत एकदाही केला नाही. त्यामुळे त्यानं किल्ली हातात ठेवल्यावर मी नुसता "हो" म्हणालो नाही हेच आईला खटकलंय.

पैशाचं थोडक्यात सांगतो. तळेगावचा प्लॉट विकला त्याचे पैसे आहेत. बायकोची एकच अट आहे, मुलीच्या पुढच्या चार वर्षांच्या फीचे पैसे आधी वेगळे ठेव, मग काय ते कर. ते ठेवले तरी थोडं कर्ज काढून जमेल. वर्षाचा विमा आणि टायर हे धरलंय. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्यानं पुढचे-मागचे अदलून बदलून वापरता येत नाहीत, हे तूच मागे सांगितलं होतंस. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दलची विम्यातली सूट, मला मिळणार नाही. तो मालकाचा असतो, गाडीबरोबर जात नाही.

पैशाचं हे असं निभेल. माझी झोप दुसऱ्या दोन गोष्टींनी उडालीय.

पहिली. पन्हाळ्यावर चहा पिताना मामेभाऊ म्हणाला, "दादा, हिला मॅप मारलाय बरं का. पप्पांना सांगू नको." दीड वर्षापूर्वी कुठूनतरी रीमॅप करून घेतलाय, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलीय, स्टेज वन, पहिल्या पायरीची. विमा कंपनीला कळवलेलं नाही. शोरूमच्या नोंदी मी पाहिल्या, ऑइल प्रत्येक वेळी वेळेवर बदललंय. पण वाढवलेल्या ताकदीवर गाडी कशी पिळली, त्याची नोंद कुठल्या वहीत असणार? टर्बोवर, गिअरबॉक्सवर किती ताण आला, ते तुझ्यासारख्यालाच कळेल. झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स आहे. त्याचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला असं खुद्द गिअरबॉक्सवालेच सांगतात. पण या गाडीचं मी घेतल्या घेतल्या बदलेन आणि सॉफ्टवेअर मूळचं करून घेईन.

अनोळखी माणसाची गाडी असती तर मी सरळ म्हटलं असतं, लिफ्टवर चढवा, स्कॅनर लावा, मग बोलू. मामाच्या गाडीखाली टॉर्च घेऊन झोपायचं मला फार अवघड वाटतं. त्याला वाटेल, पोरगं माझ्यावर संशय घेतंय. आणि न तपासता घेतली आणि सहा महिन्यांत टर्बो बसला, तर मी कुणाला सांगू? मी गप्प बसेन. पण आई गप्प बसायची नाही, ती भावाला फोन करेल. मग ज्या माणसानं माझी फी भरली, तो मला दुरुस्तीचे पैसे पाठवेल. ते मला सहन होणार नाही.

दुसरी गोष्ट मला आणखी जड जातेय. आरसी पाहिली तेव्हा कळलं की गाडी मामाच्या नावावर नाही, त्याच्या फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या नावावर आहे. फाउंड्रीत दोन्ही मुलांची भागीदारी आहे. म्हणजे मला सोडलेल्या दहा लाखांत त्या दोघांचाही वाटा आहे, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. शिवाय बिल फाउंड्रीला करावं लागेल. जीएसटीत नोंदलेल्या धंद्यानं जुनी गाडी विकली तर नफ्याच्या भागावर १८ टक्के कर आहे. घसारा वजा जाऊन पुस्तकात उरलेल्या किमतीपेक्षा विक्री जास्त झाली तर तो लागणार, आणि नात्यात किंमत कमी लावली तर त्यांचा सीए प्रश्न विचारणारच. मामा म्हणतो, "ते कागद नंतर बघू, तू गाडी ने." ने म्हणजे काय? २०२४ च्या जुलैत पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेली तेव्हा याच माणसानं रात्री दोनला कारखान्यात जाऊन कामगारांची दुचाकी वाहनं आधी हलवली होती. स्वतःच्या कागदांबाबत मात्र तो असा आहे. उद्या माझ्या हातून अपघात झाला आणि आरसीवर फाउंड्रीचंच नाव असलं, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. मालकी बदलायचे फॉर्म २९, फॉर्म ३० सह्या होऊन आरटीओत गेल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही.

मी थोरल्या मामेभावाला फोन केला. खोदून विचारलं, तुझं मन काय म्हणतं? तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "पप्पांनी द्यायचं ठरवलंय दादा, मी काय बोलू?" या वाक्यात राग नव्हता. पण होकारही नव्हता. त्याच्या लग्नाला आता चार वर्षं झाली, दुसरं मूल येतंय, फाउंड्रीला ऑर्डरी कमी आहेत हे मला आईकडून कळलंय. त्याच्या जागी मी असतो तर मलाही बोलता आलं नसतं.

तर माझं असं ठरत आलंय. तू गाडी तपासायचीस, मामाच्या समोर, उघडपणे, त्याला शेजारी उभं करून. ऑइल फिल्टर हाउसिंगपाशी गळती, कूलंटची पातळी, ब्रेकच्या डिस्क, सगळं त्याला दाखवत. त्याला यंत्र कळतं, भट्टीपाशी चाळीस वर्षं काढलीत त्यानं, तो रागावणार नाही असं मला वाटायला लागलंय. रीमॅपचं धाकट्यानं त्याआधी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी त्याला तसं बजावलंय. तो तयार झाला नाही तर मी सांगणार नाही, पण गाडीही घेणार नाही. आणि किंमत तू काढशील ती, त्रयस्थाला सांगशील तीच, चेक फाउंड्रीच्या नावानं. ती सत्तेचाळीस निघाली तर मला जास्त कर्ज काढावं लागेल, आणि ते झेपणार नसेल तर मी मामाचे पाय धरून नाही म्हणेन. पन्हाळ्याची ती सकाळ मला मिळालीय.

यात कुठे मी मामाच्या मायेचा हिशोब मांडतोय असं तुला वाटत असेल तर स्पष्ट लिही. आईला तसंच वाटतंय, आणि तिचं म्हणणं मला पूर्ण खोडून काढता येत नाही.

पुढच्या शनिवारी जमेल का? पहाटे पाचला माझ्याकडे ये. साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत रस्त्याचं काम चालू आहे, तेव्हा वेळ धरून निघू. स्कॅनर आणि पेंटची जाडी मोजायचं मीटर आठवणीनं घे. मामीला तू येतोयस हे सांगितलंय, पांढऱ्या रश्श्याची तयारी तिनं मनात सुरूही केली असेल.

तुझा,
अभय

ता. क. निघताना मामानं किल्ली पुन्हा माझ्या खिशात घातली होती, "राहू दे तुझ्याकडं" म्हणून. ती माझ्या टेबलावर आहे. शनिवारी बरोबर घेतोय, आधी त्याच्या हातात देईन आणि मगच तू बॉनेट उघड.