मॉर्फिनची गोळी कपाटात ठेवू नका

महोदय,

कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन लिहून दिले की ‘आता शेवट आला’ असे समजून अनेक घरांत गोळी कपाटातच राहते आणि रुग्ण रात्रभर तळमळतो. हे थांबायला हवे.

साधी गोळी सहसा ५ ते १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. तिचा असर सुमारे ४ तासच टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची. दुखेपर्यंत थांबायचे नाही. १२ तास हळूहळू औषध सोडणारी गोळी कधीही चुरडू नये, सगळा डोस एकदम अंगात जातो. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटत नाही, कारण आतड्यांची हालचालच मंदावते. रेचक पहिल्या दिवसापासून हवेच. नुसत्या इसबगोलावर भागत नाही, पाणी कमी पडले तर मळ उलट घट्ट होतो. मूत्रपिंड अधू असेल तर औषध साचते, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढची गोळी न देता रुग्णालय गाठा.

२०१४ मध्ये मॉर्फिनला लागू असलेला अमली पदार्थांचा कायदा सुटसुटीत झाला. तरीही मॉर्फिनसाठी रुग्णांना दूरच्या शहरात का जावे लागते?

– एक डॉक्टर, सातारा