निकालानंतरही थांबलेल्यांचे आभार

निवडणुकीचा निकाल लागला की माणसं पांगतात. तुम्ही पांगला नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

प्रचारात दिलेला शब्द शहराच्या अंदाजपत्रकात उतरला नाही, तर तो हवेतच विरतो. ज्या ताईंनी तो जाडजूड गठ्ठा रात्री जागून वाचला, पेन्सिलीने खुणा केल्या आणि पदपथांची तरतूद रस्ता रुंदीकरणाच्या शीर्षाखाली गेल्याचं शोधून काढलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. त्या एका ओळीमुळे अंदाजपत्रकावरच्या सुनावणीत आमच्या बोलण्याला वजन आलं. झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन, तीन मिनिटं बोलण्यासाठी तीन तास थांबलेली ती आई! आवाज कापत होता, पण एकही मुद्दा सुटला नाही.

जिने चढून सह्या गोळा करणारे, निवेदनांच्या झेरॉक्स काढणारे, सगळ्यांचेच आम्ही ऋणी आहोत. १९८९ मध्ये ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात नागरिक स्वतः पालिकेच्या खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवू लागले, हे पहिल्याच बैठकीत समजावून सांगणाऱ्या निवृत्त गुरुजींनी तर कामाला दिशाच दिली.

भाडेकरूंच्या ठरावावर मतदान अजून बाकी आहे. तेव्हाही सोबत असा.