मंत्रिमहोदय, मिथेन चपटा नसतो!

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

मी उद्यमनगरात फाउंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने बनवतो. मुलगी दहावीला. परवाच्या प्रिलिममध्ये तिचे मिथेनच्या आकृतीचे गुण कापले. गुन्हा काय, तर दोन बंध साध्या रेघेने, एक जाड पाचरीने पुढे आलेला, एक तुटक रेघेने मागे गेलेला. शेजारी लाल शेरा : 'पुस्तकाप्रमाणे नाही'.

पुस्तकाप्रमाणे म्हणजे कार्बनभोवती चार हायड्रोजन, फुलीसारखे, ९० अंशांत. खरा कोन १०९.५. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या) टोकांकडे जातात, हे व्हान्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाने १८७४ साली सांगितलं. फाइल अजून मंत्रालयातच असावी! एकाच व्ह्यूचं ड्रॉइंग आलं तर मी पार्टीला परत पाठवतो, सेक्शन, म्हणजे आतला छेद दाखवणारं ड्रॉइंग मागतो. पोरांनी मात्र एका व्ह्यूवर अख्खा रेणू पाठ करायचा.

इलेक्ट्रॉन दाखवणाऱ्या ठिपका-फुलीच्या आकृतीचं तर विचारूच नका. फुली कार्बनच्या इलेक्ट्रॉनची, ठिपका हायड्रोजनच्या. इलेक्ट्रॉनवर मालकाचा शिक्का असतो का? भागीदारीत आल्यावर कोणता कुणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ऑक्सिजनच्या आकृतीत सगळे जोडीजोडीने बसलेले. प्रत्यक्षात द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, कारण त्यातले दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात. गोळे-काड्यांच्या मॉडेलमधल्या काड्या तरी कुठं खऱ्या? आकृत्या काढू नका असं म्हणत नाही. पण 'यात आकार आणि कोन दाखवलेला नाही' एवढी ओळ खाली छापायला किती शाई लागते?

मॉडेलचा संच देऊ म्हणाला होतात. आला, आणि कपाटात कुलूपबंद झाला. 'हरवला तर भरपाई कोण देणार?' शेवटी सागाचे गोळे मीच केले. भोकं नेमक्या कोनात पाडायची म्हणून आधी जिग, म्हणजे ड्रिलला कोन धरून देणारा साचा केला. त्यात सुट्टीचा दिवस गेला, वर लाइटबिल, वर क्लासची फी. दहावीला पंधरा-सोळा लाख पोरं बसतात म्हणे; सगळ्यांचे बाप पॅटर्नवाले नाहीत, साहेब.

आणि रेणूचंच कशाला? आमची पंचगंगा कागदावर स्वच्छ, रस्ते कागदावर गुळगुळीत. पूररेषाही आखलीय, २०१९ ला पाणी तिला विचारून थांबलं नाही. ज्यांना चपटं चित्र खरं मानायची सवय शाळेत लागली, तेच पुढे टेबलामागे बसून नकाशे मंजूर करतात.

'आपला अर्ज विचाराधीन आहे' ही पोच पाठवू नका, घरी गठ्ठा आहे. ते कपाट तेवढं उघडायला सांगा.

आपला,
एक पॅटर्नवाला, कोल्हापूर